मुंढा काचतो, बाही आवळते

दिवाळी आणि त्यामागून येणारी लग्नसराई जवळ आली की घरोघरी शिवणयंत्रावरचे आच्छादन निघते, आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत दिसू लागते. कपडा छातीत बसतो, कमरेत बसतो, परंतु हात उचलला की अडतो. या तक्रारीवर बहुतेकजणी जो पहिला उपाय करतात तो कात्रीचा असतो. मुंढा, म्हणजे बाही जोडण्याचे भोक, आणखी कोरला जातो आणि जो कपडा दुरुस्त होण्यासारखा होता तो पुष्कळदा तेथेच हातचा जातो. मुंढा घट्ट वाटण्याची कारणे अनेक आहेत आणि मुंढा खरोखर लहान असणे हे त्यांतले एक, तेही क्वचित आढळणारे कारण आहे. म्हणून या वेळी या एकाच विषयावरील काही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी टू बाय टू रुबिया या सुती कापडाचा, अस्तर लावलेला ब्लाऊज घरी शिवला. छाती 36 इंच, बाहीची उंची 9 इंच आणि मोहरी, म्हणजे बाहीच्या खालच्या टोकाचा घेर, 11 इंच आहे. मोहरी हाताला बरोबर बसते, परंतु तिच्या वर, काखेखाली, बाही इतकी आवळते की तासाभरात दंडावर लाल वळ उठतो. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेले कापड, जेमतेम अर्धा इंच आहे. क्लासमध्ये शिकवलेल्या सूत्रानेच सगळे कापले होते. चूक कोठे झाली असावी, आणि आता काही करता येईल का? (सांगली येथील वाचक)

उत्तर : आपली चूक एवढीच झाली आहे की आपण दंड मोजला नाही. क्लासमधली बहुतेक सूत्रे छातीच्या मापावरून मुंढा काढतात आणि मुंढ्यावरून बाही काढतात. छाती 36 असलेल्या दोन बायकांपैकी एकीचा दंडघेर 11 इंच आणि दुसरीचा 14 इंच असू शकतो, याची त्या सूत्राला कल्पना नसते. मोहरीचे माप आपण घेतले, परंतु 9 इंचांच्या बाहीत मोहरी कोपराच्या थोडी वर, म्हणजे हात निमुळता होतो तेथे येते. दंडाचा सर्वांत भरलेला भाग त्याच्या बराच वर असतो आणि तेथे आपण मेजपट्टी लावलीच नाही.

हे माप कसे घ्यावे ते आधी सांगते. हात सैल सोडून काखेच्या साधारण एक इंच खाली मेजपट्टी गुंडाळावी आणि आकडा लिहून ठेवावा. मग मूठ वळून, हात कोपरात वाकवून त्याच जागी पुन्हा मोजावे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त भरतो, आणि बाही कापताना तोच धरायचा असतो. अंगाबरोबर बसणाऱ्या ब्लाऊजच्या बाहीत त्यावर निदान एक इंच सैलपणा हवा, ज्याला शिंपी लूजिंग म्हणतात. अस्तर असेल तर दीड इंच ठेवलेला बरा, कारण दोन थरांचा कपडा एका थरासारखा दबत नाही.

आता तयार ब्लाऊजकडे वळू. बाही कशी जोडली आहे ते पाहावे. बाही आधी उघडी जोडून नंतर मोहरीपासून कमरेपर्यंत एकाच सलग टिपेने बाजू शिवली असेल, तर काम सोपे आहे. ती टीप मोहरीच्या वर एक इंचापासून काखेच्या खाली तीन इंचांपर्यंत उसवावी आणि नवी रेघ जुनीच्या बाहेर पाव इंचावर खडूने आखून, दोन्ही टोकांना हळूहळू जुन्या टिपेत मिळवून द्यावी. शिवणीच्या दोन्ही काठांवर पाव-पाव इंच सुटल्याने बाहीचा घेर अर्धा इंच वाढतो आणि मुंढाही तेवढाच वाढतो. मात्र बाही गोल शिवून नंतर मुंढ्यात बसवलेली असेल, तर काखेत मुंढ्याची शिवण दोन्ही अंगांना दोन-दोन इंच उसवावी लागेल. ब्लाऊजची बाजू आणि बाहीची शिवण वेगवेगळ्या सैल करून मग ते चार इंच पुन्हा जोडावे लागतील. दोन्ही पद्धतींत आधी कच्चा टाका घालून ब्लाऊज अंगात घालून पाहावा आणि मगच टीप मारावी. कच्चा टाका घालण्याचा कंटाळा करणाऱ्या व्यक्तीला तीच शिवण तीनदा उसवावी लागते, हे मी स्वतःवरून सांगते.

रुबियाला आत उरलेली पाव इंच माया पुरते, कारण तिची वीण घट्ट असते. ब्रोकेड किंवा टिश्यूचा ब्लाऊज असता तर मी हा सल्ला दिला नसता. त्यांचे धागे सुटतात आणि पाव इंचावरची शिवण ताण आला की निसटते. रेशमी कापडात आणखी एक अडचण अशी की जुन्या टिपेची भोके दिसत राहतात. सुती कापडावर ओला हात फिरवून इस्त्री केली की ती बहुतांशी बुजतात.

अर्ध्या इंचाने भागत नसेल तर काखेत पट्टी घालावी. ब्लाऊजपीसच्या कातरणीतून मोहरीपासून काखेतून कमरेपर्यंत जाईल अशी लांब पट्टी काढावी. काखेत ती शिवल्यानंतर एक ते दीड इंच रुंद राहावी आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जावी. कातरण अपुरी असेल तर जोड देऊन काढावी. काखेतला जोड दिसेल या भीतीने पुष्कळजणी घट्ट ब्लाऊज तसाच घालतात, परंतु डाव्या काखेवर पदर असतो आणि उजवी काख कोणी निरखून पाहत नाही.

पुढच्या ब्लाऊजसाठी एक हिशेब लक्षात ठेवावा, कारण बाही रुंद करायची म्हणजे मुंढा मोठा करायचा, हा समज त्याने दूर होतो. बाहीच्या वरच्या गोलाची उंची, म्हणजे काखेच्या आडव्या रेषेपासून खांद्याच्या टोकापर्यंतचे अंतर, कमी केली की मुंढा तेवढाच राहूनही बाही रुंद होते. मुंढ्याचा पूर्ण घेर 16 इंच धरला तर त्याचा अर्धा 8 इंच. कागदावर ही 8 इंचांची रेघ तिरपी पडते, गोलाची उंची ही काटकोनाची उभी बाजू होते आणि अर्धी बाही ही आडवी बाजू. शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाने उंची 4 इंच ठेवली तर पूर्ण बाही सुमारे पावणेचौदा इंच रुंद येते आणि उंची 3 इंच ठेवली तर सुमारे पावणेपंधरा. गोलाकार रेघेमुळे आकड्यांत थोडा फरक पडतो, परंतु एक इंच उंची कमी केली की जवळजवळ एक इंच रुंदी मिळते, हे प्रमाण या मापाच्या ब्लाऊजसाठी भरवशाचे आहे. याची किंमत एवढीच की हात खाली सोडला असता काखेपाशी थोड्या चुण्या दिसतात. ज्यांना हात उचलून काम करायचे आहे त्यांनी त्या खुशाल पडू द्याव्यात.

प्रश्न : मी ऑफिससाठी सुती कुर्ते स्वतः शिवते. लोकलमध्ये वरची कडी धरली की संपूर्ण कुर्ता वर ओढला जातो आणि बाही दंडात रुतते. मुंढा लहान पडला असे समजून मी तो एक इंच खाली कोरला आणि बाहीही तेवढीच खोल कापून पुन्हा बसवली. आता कुर्ता पूर्वीपेक्षा जास्त वर जातो. असे का व्हावे? (ठाणे येथील वाचक)

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण हीच चूक मी शिकत असताना एका नव्याकोऱ्या कुर्त्यावर केली होती आणि तो कुर्ता पुढे फडताळ पुसण्याच्या कामी आला.

यामागचे कारण असे आहे. हात खांद्याच्या सांध्यापाशी फिरतो. मुंढ्याचा तळ काखेच्या जितका जवळ असेल तितका हात उचलताना फक्त बाही हलते आणि कुर्ता जागच्या जागी राहतो. तळ खाली गेला की बाही धडाला काखेत नव्हे तर बरगड्यांवर जोडली जाते, आणि हात वर नेताना तिला त्या बरगड्यांवरचे कापड सोबत न्यावेच लागते. आकड्यांत सांगायचे तर हात वर केल्यावर कमरेपासून काखेतून कोपरापर्यंत जी सलग लांबी कापडाने पुरवायला हवी, ती दोन शिवणींची बेरीज असते : कुर्त्याची बाजू आणि बाहीची आतली शिवण. आपण मुंढा एक इंच कोरला तेव्हा कुर्त्याची बाजू एक इंच आखूड झाली आणि बाही तेवढीच खोल कापल्यामुळे तिची आतली शिवणही एक इंच आखूड झाली. म्हणजे हात उचलण्यासाठी लागणारे कापड दोन इंचांनी घटले. कुर्ता मोकळा वाटत असेल तो फक्त हात खाली असतानाच.

सर्वसाधारणपणे ब्लाऊजच्या मुंढ्याचा तळ काखेच्या अर्धा ते एक इंच खाली आणि साध्या कुर्त्याचा एक ते दीड इंच खाली असावा. आपल्या कुर्त्याचा तळ किती खाली आहे ते पाहण्यासाठी काखेत एक पट्टी आडवी धरून तिच्यापासून शिवणीपर्यंतचे अंतर मोजावे.

कापलेले कापड परत येत नाही, परंतु त्याची भरपाई करण्याची जुनी आणि उत्तम युक्ती आपल्याकडे आहे, ती म्हणजे चौबगला. जुन्या पद्धतीच्या अंगरख्यात आणि सरळ बाह्यांच्या कुडत्यात बगलेखाली जो चौकोनी तुकडा घालत असत, तोच हा. त्या कपड्यांत मुंढा गोल कोरलेलाच नसे. बाही म्हणजे एक सरळ पट्टा आणि धड म्हणजे दुसरा, त्यामुळे हात उचलण्याची सगळी सोय या चौकोनावर असे. आता तो फारसा कोणी घालत नाही, हे खेदाचे आहे.

आपल्या कुर्त्यासाठी शिवल्यानंतर बाजू 3 इंच राहील असा चौकोन पुरेसा होईल. म्हणजे चारी बाजूंनी अर्धा इंच माया धरून 4 इंचांचा तुकडा कापावा. काखेतल्या चौकापासून, म्हणजे बाजू, बाही आणि मुंढा यांच्या शिवणी मिळतात तेथून, कुर्त्याची बाजू 3 इंच खाली, बाहीची शिवण मोहरीच्या दिशेने 3 इंच, आणि मुंढ्याची शिवण पुढे व मागे साधारण इंचभर उसवावी, म्हणजे काम करायला जागा मिळते. चौकोन असा बसवावा की त्याचा एक कोपरा कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत, समोरचा कोपरा बाहीच्या शिवणीत आणि उरलेले दोन मुंढ्याच्या शिवणीवर पुढे व मागे येतील. ते जेथे टेकतील तेथपर्यंतच मुंढ्याची शिवण उसवलेली ठेवावी. त्यामुळे हात वर नेला की चौकोनाचा लांब कर्ण, जो सव्वाचार इंचांच्या आसपास असतो, ताणाच्या दिशेने येतो आणि उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरपा, असल्यामुळे थोडा ताणलाही जातो. प्रत्येक कोपऱ्यावर टीप नेमकी शिवणीच्या टोकाशी थांबवून, सुई कापडात ठेवून, मगच कापड फिरवावे. कोपऱ्यावर एक टाका जरी पुढे गेला तरी तेथे चुणी पडते. कोपऱ्यांना आतून बोटभर रुंदीची कॅनव्हासची चिकटपट्टी लावली तर ते फाटण्याची भीती उरत नाही.

दुसऱ्या दिवशी कुर्ता घालून स्वयंपाकघरात सर्वांत वरच्या फळीवरचा डबा काढून पाहावा. कुर्ता तरीही दोन बोटे वर जाईल. तेवढा तर शिंप्याने शिवलेलाही जातो.

प्रश्न : माझ्या कुर्त्याच्या बाह्या सैल आहेत, काखेतही जागा आहे, तरी स्कूटर चालवताना मुंढा मागून कापल्यासारखा काचतो. दोन कुर्त्यांच्या मुंढ्यांची मागची शिवण उसवलीही आहे. (नाशिक येथील वाचक)

उत्तर : शिवण मागच्या बाजूला उसवली, हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. आपला मुंढा नव्हे, पाठ अरुंद आहे. उभे राहून, हात बाजूला सोडून घेतलेले पाठीचे माप स्कूटरच्या हँडलकडे हात पुढे नेल्यावर खोटे ठरते. घरातल्या कोणाला तरी मागून मेजपट्टी धरायला सांगून, दोन्ही हात पुढे ताणून, एका काखेच्या मागच्या घडीपासून दुसऱ्या काखेच्या घडीपर्यंत माप घ्यावे आणि उभ्या मापाशी ताडून पाहावे. दोन्हींतल्या फरकाचा अर्धा भाग पाठीत वाढवला तरी काच जातो. सगळा फरक वाढवू नये, नाहीतर हात खाली असताना पाठीवर पोते लटकल्यासारखे दिसते.

तयार कुर्त्यात मागच्या मुंढ्याची शिवण खांद्याच्या दोन इंच खालून काखेच्या दोन इंच वरपर्यंत उसवावी. कुर्त्याच्या पाठीच्या काठावरची माया अर्धा इंच असेल तर त्यातली पाव इंच बाहेर सोडून, बाहीची माया मात्र पूर्वीइतकीच धरून पुन्हा शिवावे. दोन्ही बाजू मिळून पाठीला अर्धा इंच मिळतो, आणि या ठिकाणी अर्धा इंच पुष्कळ असतो. खांदा आणि काख यांना हात लावायचे कारण नाही.

प्रश्न : शिवला तेव्हा नीट बसणारा ब्लाऊज पहिल्या धुण्यानंतर मुंढ्यात घट्ट झाला आहे आणि वरचे कापड फुगून आल्यासारखे दिसते. (कोल्हापूर येथील वाचक)

उत्तर : अस्तर आटले आहे. सुती अस्तर शंभरात तीन भाग आटले तरी 14 इंचांच्या बाहीत ते जवळजवळ अर्धा इंच कमी होते, आणि वरचे कापड मात्र तेवढेच राहते. अस्तर बाहीपुरते काखेतून मोकळे करून त्याची शिवण सैल करावी. माया नसेल तर बाहीतले अस्तर काढूनच टाकावे, ब्लाऊजच्या अंगातले राहू द्यावे. यापुढे अस्तराचे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, पिळल्याशिवाय दोरीवर वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री करून मग कापावे. खादी किंवा हातमागाचे वरचे कापड असेल तर तेही भिजवावे.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीसाठी फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक शिवला आहे. ती घालायला तयार नाही, काखेत टोचते म्हणते. मापाने तर मुंढा मोठा आहे. (परभणी येथील वाचक)

उत्तर : मुलीचे म्हणणे खरे मानावे. फुग्याच्या बाहीच्या चुण्या काखेपर्यंत नेल्या असतील तर त्या जाड मायेचा गठ्ठा नेमका काखेत येतो. चुण्या मुंढ्याच्या वरच्या अर्ध्या भागातच ठेवाव्यात. काखेकडचा भाग सपाट असावा. तेथली माया पाव इंचावर कापून तिच्यावर मऊ मलमलीची उरेब पट्टी दुमडून शिवावी. फुग्याच्या मोहरीत इलॅस्टिक घातले असेल तर तेही तपासून पाहावे. ते दंडघेराच्या मापापेक्षा फार आखूड असेल तर बाही वर सरकून सगळे कापड काखेत जमा होते आणि दोष मुंढ्यावर येतो.

प्रश्न : दोन वर्षांपासून आम्ही न्यू जर्सीत आहोत. येथे मिळणाऱ्या कागदी पॅटर्नवरून मी एक टॉप शिवला. पॅटर्नचे माप माझ्या मापाशी तंतोतंत जुळत होते, तरी टॉप अंगात ढगळ झाला आणि काखेत मात्र बोचतो. एकाच कपड्यात दोन्ही कसे? (न्यू जर्सी येथील वाचक)

उत्तर : आपण पाव इंचावर टीप मारली असावी, असा माझा तर्क आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत पाव इंच शिवण दाबण्याची सवय हाताला लागलेली असते. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक यांच्यासारख्या अमेरिकी कागदी पॅटर्नमध्ये मात्र सहसा इंचाचे पाच अष्टमांश, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर माया आधीच धरलेली असते आणि शिवण तेवढी आत घ्यायची असते. आपण तीन अष्टमांश इंच बाहेर शिवल्याने दोन बाजूंच्या शिवणींचे चार काठ मिळून टॉपच्या घेरात दीड इंच वाढला, म्हणून तो ढगळ झाला. मुंढ्याचा मात्र उलटा हिशेब असतो. ते एक भोक आहे. त्याच्या काठावर जितके कापड जास्त राहील तितके भोक लहान होते आणि त्याचा तळ वर, थेट काखेत चढतो.

यावर उसवण्याचीही गरज नाही. आधी बाजूच्या आणि बाहीच्या शिवणी आत घेऊन पाच अष्टमांश इंचावर नव्या टिपा माराव्यात, मग मुंढ्याभोवती त्याच अंतरावर दुसरी टीप फिरवावी. त्यानंतर जुन्या टिपेसकट जादा माया कापून टाकणे आवश्यक आहे. ती तशीच ठेवली तर शिवण बरोबर जागी येऊनही काख बोचतच राहते, कारण मायेचा मोकळा काठ शिवणीच्या रेघेपेक्षा लांबीने कमी असतो आणि तो पसरायला नकार देतो. काखेकडच्या अर्ध्या भागात माया पाव इंच ठेवावी, वरच्या भागात थोडी जास्त चालते. मायेला कात्रीने कट द्यायचे असतील तर टिपेपासून दोन धागे अलीकडे थांबावे. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : बुर्डा या जर्मन मासिकाच्या पॅटर्नमध्ये माया धरलेली नसते, ती आपण सोडायची असते, त्यामुळे तेथे हाच हिशेब लावू नये, कागद कापण्यापूर्वी त्यावरची सूचना वाचून घ्यावी.